कामगार कपात आणि शिल्लक रजेच्या वेतनाचा हक्क : कोल्हापूरच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ साली शाहू मिलची पायाभरणी केली आणि कोल्हापुरात गिरणी कामगारांचा वर्ग उदयास आला. पुढे उद्यमनगर, शिरोली व गोकुळ शिरगाव येथील कारखान्यांमुळे औद्योगिक कामगारवर्ग विस्तारला. कपातीनंतर मिळणारे शिल्लक रजेचे वेतन ही मालकाची मेहेरबानी की कामगाराने आधीच मिळविलेला मोबदला, याचा मागोवा घेणे हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे.

हक्काची जडणघडण :
ब्रिटिश हिंदुस्थानात १९४५ च्या दुरुस्तीने कारखाना कामगारांना वर्षाला १० दिवसांची पगारी सुटी मिळाली. संस्थानी मुलखाला मात्र हा कायदा आपोआप लागू होत नव्हता. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि १ एप्रिल १९४९ पासून कारखाने अधिनियम, १९४८ अमलात आला. अवघ्या महिन्याभरात कोल्हापूरचा कामगार या नव्या कायद्याच्या कक्षेत आला.

कलम ७९ नुसार प्रौढ कामगाराला कामाच्या दर २० दिवसांमागे १ दिवस रजा मिळू लागली. १९७६ च्या दुरुस्तीनंतर, वर्ष पूर्ण होण्यापूर्वी कामावरून कमी केले तरी अर्जित रजेचे वेतन देणे बंधनकारक झाले. तेही दुसरा कामाचा दिवस संपण्यापूर्वी.

हिशेबाचे स्वरूप :
औद्योगिक विवाद अधिनियमातील १९५३ च्या दुरुस्तीने कपातीसाठी एक महिन्याची नोटीस आणि सेवेच्या दर वर्षामागे १५ दिवसांच्या सरासरी वेतनाची भरपाई ठरविली. रजा वेतन यापासून स्वतंत्र होते. शिल्लक रजा नोटिशीच्या मुदतीत धरण्यास कलम ७९ मध्येच मनाई होती. मात्र ले-ऑफच्या दिवसांची रजा मिळत नसे. प्रत्यक्ष काम १८० दिवस आणि ले-ऑफ ६० दिवस असल्यास रजा ९ दिवसांचीच होई.

मर्यादा :
विजेवर चालणाऱ्या कारखान्यास मूळ अधिनियम लागू होण्यासाठी किमान १० कामगारांची अट होती. त्यामुळे चार-सहा कामगारांच्या कार्यशाळेतील कारागीर या संरक्षणाबाहेर राहिला. शिवाय हजेरीपट व रजा नोंदवही नसेल, तर हक्क असूनही रक्कम सिद्ध करणे कठीण जाते.

निष्कर्ष :
२१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यांतही कामावरून कमी केलेल्या कामगाराचा रजा वेतनाचा हक्क कायम आहे. कामगाराने काम करून रजा मिळविलेली असते. म्हणून तिचे वेतन हे त्याचे थकित वेतनच ठरते. नुकसानभरपाई दिली म्हणून ते देणे फिटत नाही.