तळ्यानंतरची दहा वर्षं

दरवर्षी २० मार्चला आपण महाडला जातो, ओंजळभर पाण्याची आठवण काढतो. पण त्या दिवसानंतरची दहा वर्षं फारसं कुणी सांगत नाही. ती सांगितली पाहिजेत.

२० मार्च १९२७ ला बाबासाहेब चवदार तळ्याचं पाणी प्याले. मागोमाग हजारो माणसं प्याली. थोड्याच वेळात, आता हे वीरेश्वराच्या देवळात घुसणार, अशी अफवा सवर्णांत उठली आणि मंडपात जेवत असलेल्या आपल्या माणसांना झोडपलं गेलं. खरा मार पुढंच होता. महाडात माणसं हजारांनी होती. खेड्यात परतल्यावर वस्ती दहा-पाच घरांची, बाकी सगळा गाव विरोधात. तिथं त्यांना एकेकटं गाठलं. इकडं तळ्यात शेण-गोमूत्र ओतून ते ‘शुद्ध’ केलं. तळं खुलं करण्याचा १९२४ चा ठराव नगरपालिकेनं ऑगस्ट १९२७ मध्ये मागं घेतला.

डिसेंबरात माणसं पुन्हा आली, तुरुंगात जायच्या तयारीनं. पण १४ तारखेलाच कोर्टाचा मनाई हुकूम निघाला होता. २५ ला मनुस्मृती जाळली. पाण्याला मात्र हात लावला नाही. बाबासाहेबांच्या शब्दाखातर तळ्याला फेरी मारून माणसं कोरड्या घशानं घरी गेली.

मग नुस्त्या तारखा. तळं खाजगी आहे, वहिवाट अनादी आहे, असा वाद्यांचा दावा. १९३१ ला खालच्या कोर्टात ते हरले, १९३३ ला ठाण्याला अपिलात हरले, तरी हायकोर्टात गेले. वहिवाट तिथंही शाबीत झाली नाही. १७ मार्च १९३७ ला निकाल आपल्या बाजूनं लागला.

या लढ्याच्या आधी, जुलै १९२६ ला, बाबासाहेबांचा राजरत्न गेला होता. निकाल ऐकायला रमाई नव्हती. ती मे १९३५ ला गेली. घरात दुःख, बाहेर बहिष्कार, तरी केस सोडली नाही. आशा धरणं म्हणजे दुसरं काय? पुढच्या तारखेला पुन्हा उभं राहणं.

पुढं नामांतरालाही १९७८ ते १९९४, सोळा वर्षं लागली. तेव्हा तुझ्या गावात बैठकीला दोघंच आले म्हणून खचू नको, गड्या. त्या दोघांची नावं वहीत लिही, आणि पुढच्या बैठकीची तारीख ठरव.