उरियांखाई : एक नाव, अनेक लोक



एखाद्या जनसमूहाचा इतिहास लिहिताना आपण त्याच्या नावाचा माग काढतो; आणि नाव सलग आढळले की ते धारण करणारे लोकही सलग असावेत, असे गृहीत धरतो. मध्य आशियातील उरियांखाईंचा इतिहास हे गृहीतक तपासून पाहावयास लावतो.

तेराव्या शतकातील ‘मंगोलांचा गुप्त इतिहास’ या ग्रंथात उरियांखाई भेटतात ते बुरखान खल्दून पर्वताच्या परिसरात. तेथून जार्चिउदाई हा वृद्ध लोहार पाठीवर भाता घेऊन येतो आणि आपला पुत्र जेल्मे यास तेमुजिनाच्या, म्हणजेच पुढील काळातील चंगीझखानाच्या, सेवेस अर्पण करतो. युरोपापर्यंत धडक मारणारा सेनानी सुबुताई याच कुळातला. चौदाव्या शतकाच्या आरंभी इराणात लिहिणारा रशीदुद्दीन मात्र दोन उरियांखाई मानतो. दुसरे अरण्यवासी, भूर्जाच्या सालीची खोपटी बांधणारे, पायांस फळ्या बांधून बर्फावरून शिकारीमागे धावणारे. नाव तेच असले तरी हे लोक वेगळे, असे तो बजावून सांगतो.

पुढे चीनच्या मिंग राजवटीने 1389 मध्ये ईशान्य सीमेवर तीन लष्करी विभाग स्थापिले. तेथील मंगोलांनाही उरियांखाई हीच संज्ञा मिळाली. छिंग राजवटीत ती येनिसेईच्या उगमाकडील तुर्की भाषा बोलणाऱ्या तुवा लोकांना लागली व त्यांचा प्रदेश ‘तन्नू उरियांखाई’ ठरला. 1914 मध्ये रशियाने त्यावर संरक्षण-सत्ता स्थापिली. 1921 मध्ये तेथे प्रजासत्ताक घोषित झाले, तेव्हा दप्तरी नाव मागे पडून ‘तन्नू-तुवा’ असे नामाभिधान झाले. त्यात लोकांचे स्वतःचे नाव होते. 1944 मध्ये हे राज्य सोव्हिएत संघात विलीन झाले. पण तुवा हे नाव टिकले. याउलट पश्चिम मंगोलियातील अल्ताई उरियांखाई मंगोल भाषा बोलतात आणि ते जुने नाव अभिमानाने धारण करतात.

तात्पर्य, उरियांखाई हा एका रक्ताचा वा एका भाषेचा अखंड वंश नव्हे. बहुधा दरबारांनी व दप्तरांनी सीमेवरच्या, अरण्यातल्या लोकांना लावलेली ती संज्ञा होय. कोणी ती टाकली, कोणी आपलीशी केली. दोन्ही निर्णय त्या त्या लोकांचे आहेत, आणि इतिहासकाराने दोहोंचा मान राखावयास हवा. उत्तर मंगोलियात रेनडिअर पाळणारे काही शेकडा लोक आजही आहेत. शेजारी त्यांना ‘त्सातान’, म्हणजे रेनडिअरवाले, म्हणतात. ते स्वतःस ‘दुखा’ म्हणवितात. नोंदवहीत कोणते नाव लिहावयाचे, हा प्रश्न म्हणूनच क्षुल्लक नाही. ते लिहिण्यापूर्वी त्या लोकांना विचारणे, ही इतिहासलेखनाची पहिली पायरी होय.