वाटाड्या घेतला

गिरिभ्रमण संस्थांच्या स्मरणिका, वार्षिक अंक आणि नोंदवह्या यांतून मराठीत एक मोठे गद्य साचले आहे. त्याला आपण साहित्य म्हणत नाही. प्रवासवर्णन शिकवताना आपण परदेशगमनाकडे वळतो, फार तर नर्मदा परिक्रमेकडे. रविवारी पहाटेची गाडी पकडून एखादा गड पाहून रात्री घरी परतलेल्या माणसाने लिहिलेली दोन पाने आपल्या हिशेबात नसतात. आमच्या शहरातल्या एका संस्थेच्या अशा नोंदवह्या गेल्या दोन हिवाळ्यांत आम्ही चाळल्या. संस्थेबरोबर आम्हीही अधूनमधून चालतो, त्यामुळे लिहिणारे आणि वाचणारे असे दोन्ही पक्ष आमच्याकडेच होते. या पानांतून एक वाक्य पुन्हा पुन्हा भेटत राहिले : ‘पायथ्याच्या वाडीतून वाटाड्या घेतला.’ या लेखाचा विषय तेवढाच आहे.

‘घेतला’ हे क्रियापद पाहावे. त्याच परिच्छेदात पाणी घेतलेले असते, दोर घेतलेला असतो, स्टेशनाबाहेर चहा घेतलेला असतो आणि मग वाटाड्याही घेतलेला असतो. पुढे तो कुठे गेला, हे बहुतेकदा कळत नाही. कड्याखालच्या घळीत शिरल्यानंतर वाक्याचा कर्ता ‘आम्ही’ होतो, नाहीतर वाट होते. वाट डावीकडे फुटते, सोंडेवर चढते, खिंडीत उतरते, कातळाला बिलगून जाते. मराठी गिरिभ्रमणाच्या गद्यात वाटेइतका कर्तबगार कर्ता दुसरा नाही. आणि ‘मळलेली वाट’ या प्रयोगात कर्ता मुळातच नाही. ती कोणी मळली, हा प्रश्न ते कृदंत उठू देत नाही. त्या मानाने ‘ढोरवाट’ हा शब्द प्रामाणिक. वाट करणाऱ्याचे श्रेय तो निदान गुरांना तरी देतो.

हा नुसता शैलीचा दोष आहे असे आम्हांला वाटत नाही. त्यामागे इतिहास आहे. तो पाहण्याआधी, हे गद्य ज्या दिवसातून जन्मते तो हिवाळ्यातला दिवस समजून घ्यायला हवा.

सह्याद्रीत चालण्याचा खरा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो. पावसाळ्यात कंबरेपर्यंत वाढलेले गवत तोवर पिवळे पडून बसू लागते, वाटा पुन्हा दिसतात, निसरडा कातळ सुकतो आणि गडावरची टाकी अजून भरलेली असतात. फाल्गुनानंतर पाणी आटते, वणवे लागतात, ऊन सोसत नाही. म्हणजे हाताशी चार-पाच महिने, आणि त्यातही दिवस आखूड. डिसेंबरात जेमतेम अकरा तास उजेड असतो. सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. त्याआधी पायथा गाठायचा असतो, कारण शेवटची एसटी निघून गेली तर सोमवारचे कार्यालय बुडते. मुंबईकर कर्जत-कसाऱ्याच्या गाड्यांना बांधलेला, पुणेकर लोणावळा लोकलला. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली आणि पुढच्या दशकांत एसटी आडगावांपर्यंत पोहोचली. त्याआधी रेल्वेपासून दूर असलेला गड एका दिवसात करणे पायी चालणाऱ्याला अशक्यच होते. रविवारची सुट्टीही आयती मिळालेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी ती गिरणी कामगारांच्या पदरात १८९० साली पडली. गिरणी कामगार गड चढायला गेले नाहीत, हे खरे. ज्यांना आठवडाभर अंग मोडून काम करावे लागत नव्हते, त्या कारकून, शिक्षक आणि विद्यार्थ्यांनी तो रविवार डोंगरावर नेला. गिरिविहार, चक्रम हायकर्स यांसारख्या संस्था या नोकरदार, उपनगरी जगातल्या.

आता इतिहासाकडे. गड म्हणजे तट, बुरूज आणि दरवाजे, अशी आपली समजूत असते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातले (सुमारे १७१५-१६) दुर्गप्रकरण ज्यांनी वर्गात शिकवले आहे त्यांना ठाऊक आहे, की तिथे गडाची चिंता गडाखाली सुरू होते. येण्याजाण्याच्या वाटा, चोरदिंड्या, भोवतीचे रान यांचा विचार तिथे दगडी बांधकामाइतकाच गंभीरपणे केलेला आहे. वाट ही राज्याची गुप्त मालमत्ता होती. गडावर हवालदार, सबनीस, कारखानीस असत, आणि गडाच्या घेऱ्यात, मेटांवर, स्थानिक जमातींचे पहारेकरी असत : कुठे महादेव कोळी, कुठे रामोशी, कुठे महार. ‘मेट’ हा शब्द आजही गावांच्या नावांतून उरला आहे. त्र्यंबकजवळचे मेटघर किल्ला किंवा तोरण्याजवळचे मेट पिलावरे ही नावे गाडीच्या पाटीवर वाचताना आपण चौकीचे नाव वाचत असतो. कोणत्या घळीतून माणूस वर येऊ शकतो आणि कोणत्या घळीतून फक्त वानर, हे माहीत असणे ही मेटकऱ्याची नोकरी होती. त्या माहितीवर त्याचे वतन चाले.

१८१८ साली हे सारे संपले. इंग्रजांनी नाशिक-नगर भागातल्या अनेक गडांच्या चढणीच्या पायऱ्या सुरुंगाने उडवल्या, म्हणजे गडांचा पुन्हा कोणी आश्रय घेऊ नये. अलंग-मदनच्या वाटेवर दोर लावून जो टप्पा आपण मोठ्या उत्साहाने चढतो, ज्याला संस्थेच्या भाषेत ‘रॉक पॅच’ म्हणतात, तो पुष्कळ अंशी त्या सुरुंगाची निर्मिती आहे. आमच्या चालण्यातले साहस कंपनी सरकारने घडवून ठेवले आहे, असे म्हटले तर ते कोणाला आवडणार नाही.

पायऱ्या तुटल्या, तशी घेऱ्यातल्या माणसांची पोटेही तुटली. पुरंदरच्या रखवालीचा हक्क असलेल्या रामोशी घराण्यातले उमाजी नाईक याच काळात बंडाला उभे राहिले. ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात त्यांना फाशी देण्यात आले. उत्तरेकडे महादेव कोळ्यांमध्ये १८२८-३०च्या सुमारास जो असंतोष पेटला, त्याच्या कारणांत गडांच्या चाकऱ्या जाणे आणि हक्क कमी होणे हे एक ठळक कारण होते. पुढे राघोजी भांगरे यांचे बंड झाले आणि १८४८ साली ठाण्यात त्यांना फाशी झाली. ही बंडे मोडण्याच्या कामात असलेले कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉश यांनीच रामोशी आणि महादेव कोळी यांच्यावरचे पहिले सविस्तर इंग्रजी वृत्तान्त लिहिले, हा योगायोग नव्हे. राज्याला त्या वाटा आता राखायच्या नव्हत्या. त्या वाटांवरून पळणाऱ्याला पकडायचे होते. राखणदाराचे ज्ञान एका पिढीत गुन्हेगाराचे ज्ञान ठरले.

त्यानंतरच्या अर्धशतकात गड कागदावर आले. कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरांतून, विशेषतः १८८०च्या दशकातल्या ठाणे, कुलाबा, नाशिक आणि पुण्याच्या खंडांतून, गडांची उंची, दरवाजे, टाकी यांची वर्णने छापली गेली. १८९६ साली टिळकांच्या पुढाकाराने रायगडावर उत्सव झाला आणि गड ही अभिमानाची, यात्रेची जागा झाली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात चिंतामण गंगाधर गोगटे यांनी महाराष्ट्रातल्या किल्ल्यांवर मराठीत पुस्तक लिहिले. नंतर गिरिभ्रमण संस्थांनी जी मार्गदर्शक टिपणे तयार केली, ती याच दोन प्रवाहांच्या संगमावर उभी आहेत : गॅझेटियरची मोजमापे आणि शिवकालाचा अभिमान. या दोन्ही प्रवाहांत मेटकरी कुठेच नव्हता. पहिल्याला तो बंडखोर म्हणून माहीत होता, दुसऱ्याला मावळा म्हणून. रविवारी सकाळी आठ वाजता, डोक्याला मुंडासे आणि हातात कोयता घेऊन वाडीच्या तोंडाशी उभा असलेला माणूस या दोहोंपैकी कोणीच नसतो. मग तो ‘वाटाड्या’ होतो.

इथे संस्थांवर अन्याय होऊ नये. त्यांनी बुजलेली टाकी उपसली, दरीत अडकलेल्यांना वर काढले, शिक्षकांच्या आणि कारकुनांच्या मुलींना घराबाहेर, डोंगरावर नेले. हे शेवटचे काम मराठी मध्यमवर्गाच्या इतिहासात लहान नाही. तरी त्यांच्या कामाच्या पद्धतीतच एक खोच आहे. कार्यक्रमाच्या दोन-तीन आठवडे आधी संस्थेचे तीन-चार जण ‘पायलट ट्रेक’ करून येतात. ते वाडीत विचारतात, वाटाड्याबरोबर जातात, खुणा लिहून घेतात : तिसऱ्या ओढ्यानंतर आंब्याचे झाड, तिथून उजवीकडे. ठरल्या रविवारी चाळीस माणसांना तेच घेऊन जातात आणि वाटाड्याची गरज उरत नाही. अहवालात वाट सापडते. तिच्यासाठी मोजलेली मजुरी हिशेबवहीच्या ‘इतर खर्च’ या रकान्यात जाते.

दिवसही आडवा येतोच. मुक्कामाच्या भटकंतीत रात्र कोणाच्या तरी पडवीत काढावी लागते. चुलीशी बसले की नाव विचारले जाते, पोरे किती, भात किती झाला, यंदा बिबट्या आला का, हे निघते. एका दिवसाच्या चालीत ती संध्याकाळच नसते. पाच वाजले की नेत्याची शिट्टी वाजते. नोंदवह्यांतही आम्हांला हेच दिसले : वाटाड्याचे नाव जिथे आले आहे, ती नोंद बहुधा मुक्कामाची आहे, किंवा वाट चुकून अंधार झाला त्या दिवसाची. वेळेवर उरकलेल्या हिवाळी रविवारांत तो निनावी आहे.

या पार्श्वभूमीवर गो. नी. दांडेकरांकडे पाहिले म्हणजे त्यांचे वेगळेपण कळते. त्यांना आपण दुर्गभ्रमणाचे लेखक म्हणून वाचतो आणि कादंबऱ्या बाजूला ‘प्रादेशिक’ म्हणून ठेवतो. ही विभागणीच चुकीची आहे. गडांवर दिवसेंदिवस राहणाऱ्या या माणसाने जे लिहिले, त्यात वाटाड्याला नाव मिळाले. ‘पवनाकाठचा धोंडी’ (१९५५) मधला धोंडी तुंग किल्ल्याच्या हवालदार घराण्यातला आहे. म्हणजे गडाची चाकरी गेल्यावर शंभर-सव्वाशे वर्षांनी त्या चाकरीचा अभिमान घेऊन जगणारा माणूस इथे कादंबरीचा नायक होतो. ‘माचीवरला बुधा’ (१९५८) मधला बुधा मुंबई सोडून राजमाचीच्या परिसरात राहायला येतो. नोकरदार भटक्या ज्या दिशेने रविवारी जातो आणि रात्री परततो, त्या दिशेने तो कायमचा निघून जातो. ‘जैत रे जैत’मध्ये ठाकरांचा नाग्या डोंगराशीच वैर मांडतो. मराठी गिरिभ्रमणाच्या इतिहासात ही तीन नावे नोंदवायला हवीत असे आम्ही मानतो.

अर्थात दांडेकरांची माणसे निर्मळ आहेत, जरा जास्तच निर्मळ. बुधाला सावकार फारसा भेडसावत नाही, वनखात्याचा रखवालदारही नाही. शहराला कंटाळलेल्या वाचकाला जो डोंगर हवा होता, तो त्यांनी मनापासून दिला. हा आक्षेप वर्गात मुलेच घेतात आणि तो योग्य आहे. मात्र त्याचे उत्तर नाव पुसून मिळणार नाही. नाव ठेवून त्याचा सातबारा विचारावा लागेल.

आणखी एक देणे आहे, ते भाषेचे. संस्थांच्या गद्यात दोन शब्दसाठे मिसळलेले दिसतात. माची, बालेकिल्ला, बुरूज, चोरदरवाजा हा गडाचा, दप्तरांचा साठा. घळ, नाळ, सोंड, पदर, नेढे हा डोंगरात राहणाऱ्यांचा. पहिल्या साठ्याचा मान आपण राखतो, कोशात त्याच्या व्युत्पत्ती देतो. डोंगराच्या मधल्या, झाडी असलेल्या टप्प्याला ‘पदर’ म्हणणारी प्रतिमा कोणाची, सुईच्या छिद्रावरून कड्यातल्या आरपार भोकाला ‘नेढे’ म्हणणारी नजर कोणाची, हे कोणी विचारले नाही. शहरी मराठीत हे शब्द आणले भटक्यांनी, पण त्यांना ते सांगितले होते ‘घेतलेल्या’ वाटाड्याने. एखाद्या विद्यार्थिनीने दोन-तीन संस्थांची जुनी टिपणे घेऊन या शब्दांचा माग काढला, तर एम.ए.च्या प्रकल्पाला चांगला विषय होईल. निम्मे काम ग्रंथालयात होणार नाही, एवढी तयारी हवी.

आता ‘वाटाड्या घेतला’ हे वाक्यही मागे पडत चालले आहे. भ्रमणध्वनीवर वाटेची रेघ उतरवून घेता येते. ती रेघ म्हणजे कोणीतरी एकदा चाललेली चाल असते, आणि तो कोणीतरी बहुधा कोणाच्या तरी मागून चाललेला असतो. जुलै २०२५मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी भूदृश्यांच्या नावाखाली बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यांत साल्हेर, शिवनेरी, लोहगड, रायगड, राजगड आहेत. ‘भूदृश्य’ हा शब्द गडाच्या तटाबाहेर पाहायला लावतो, म्हणून आम्हांला तो आवडला. त्यात मेटे कितपत मोजली जातील, हे पुढे दिसेल.

दरम्यान गडांच्या पायथ्यांना वेगळेच लेखन सुरू झाले आहे. पत्र्यावर किंवा भिंतीच्या चुन्यावर, ऑइलपेंटने, थोड्या वाकड्या अक्षरांत : जेवणाची व राहण्याची सोय होईल, गड दाखवला जाईल. खाली पूर्ण नाव, वडिलांच्या नावासह आडनाव, आणि दूरध्वनी क्रमांक. परवाच्या पौषात उतरताना आम्ही अशा चार पाट्या उतरवून घेतल्या. एकीवर नावाच्या आधी कंसात लिहिले होते : मेटकरी.