कळांच्या इंजेक्शनचं कूळ

काचेची बोटाएवढी कुपी, आत पाण्यासारखं दिसणारं एक मिलिलिटर औषध: ऑक्सिटोसिन, पाच युनिट. सलाईनच्या बाटलीत मिसळायचं आणि थेंब मोजत सोडायचं. जालना जिल्ह्यात अंबड असो की भोकरदन, नातेवाइकांच्या तोंडी ते ‘कळांचं इंजेक्शन’. म्हैस पान्हवत नाही म्हणून गोठ्यात टोचतात तेही हेच. त्या गैरवापरापायी केंद्र सरकारने २०१८ मध्ये देशातल्या विक्रीसाठी ते बनवायला खासगी कंपन्यांना मनाई केली आणि त्याच डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने ती मनाई रद्द ठरवली. म्हशीसाठी एवढी झटापट झाली. प्रसूतिगृहात कळा वाढवण्याची जी घाई होते, तिच्याबद्दल मात्र फारसं बोललं जात नाही.

या औषधाचं मूळही गुरांतच आहे. १९०६ मध्ये लंडनच्या हेन्री डेल यांना दिसलं, की गुरांच्या पिट्यूटरी ग्रंथीच्या अर्काने मांजरीचं गर्भाशय आकसतं. तीन वर्षांनी लिव्हरपूलच्या ब्लेअर-बेल यांनी तो अर्क बायकांवर वापरला. पुढे कळा वाढवायला तो एकदम टोचला जाऊ लागला, मात्रा जास्त झाल्या, गर्भाशयं फाटली. शहाणपण आलं ते १९४८ मध्ये, ब्रॅडफर्डच्या थिओबाल्ड यांच्या ठिबकणाऱ्या सलाईनमधून. १९५३ मध्ये व्हिन्सेंट डु विनॉ यांनी नऊ अमिनो आम्लांची ती साखळी प्रयोगशाळेत जोडली आणि कत्तलखान्यावरचं अवलंबन सुटलं. त्यांना १९५५ चं नोबेल मिळालं.

घाई आली डब्लिनहून. तिथल्या नॅशनल मॅटर्निटी हॉस्पिटलचे कीरन ओड्रिस्कॉल यांनी १९६९ मध्ये पहिलटकरणींसाठी एक शिस्त मांडली: पाणमोट फोडायची, गर्भाशयाचं तोंड तासाला एक सेंटिमीटरने उघडलं नाही तर ऑक्सिटोसिन लावायचं. बाळंतपणाचा कमाल वेळ आधी चोवीस तास होता, १९७३ पर्यंत तो बारावर आला. या शिस्तीत आणखी एक कलम होतं. प्रत्येक बाईजवळ एक परिचारिका शेवटपर्यंत बसून राहील. ही पद्धत जगभर गेली तेव्हा सलाईन गेलं, खुर्चीवरची परिचारिका मागेच राहिली. कारण उघड आहे, कुपी स्वस्त आणि माणूस महाग. गंमत अशी, की १९९४ मध्ये थॉर्नटन आणि लिलफर्ड यांनी पुरावे तपासले तेव्हा गुण दिसला तो सोबतीचा.

२००५ च्या जननी सुरक्षा योजनेनंतर मराठवाड्यातली बाळंतपणं झपाट्याने दवाखान्यात आली. ते चांगलंच झालं. पण रात्रपाळीला एकटी सिस्टर, खाटा भरलेल्या आणि दाराशी “सुई देऊन मोकळं करा ना” म्हणणारे नातेवाईक, अशा ठिकाणी थांबायला सांगणार कोण? कळा प्रमाणाबाहेर गेल्या तर बाळाचे ठोके मंदावतात. घनसावंगीकडच्या एखाद्या केंद्रात सिझेरियनची सोय नसेल, तर मग जालन्याचं जिल्हा स्त्री रुग्णालय, नाहीतर थेट संभाजीनगरचं घाटी रुग्णालय. वाटेतही कळा चालूच राहतात.

हेच औषध बाळ बाहेर आल्यावर दहा युनिट दिलं, तर रक्तस्रावापासून बाईला वाचवतं. त्यावर वाद नाही. पण ते दोन ते आठ अंशांत ठेवावं लागतं, आणि जालन्याचा पारा मे महिन्यात चाळिशी ओलांडतो. फ्रीजबाहेर राहिलेल्या कुपीचा जोर उतरतो आणि ते नुसतं बघून कळत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये तासाला एक सेंटिमीटरचा हिशेब मोडीत काढला. तोंड पाच सेंटिमीटर उघडेपर्यंत आई-बाळ ठीक असतील तर कळा वाढवू नयेत, असं सांगितलं. त्याआधी, २०१६ मध्ये, केंद्र सरकारने सरकारी प्रसूतिगृहांत सोबतिणीला आत येऊ दिलं होतं, म्हणजे डब्लिनचं राहिलेलं कलम ४७ वर्षांनी पोहोचलं. सोबतीण नात्यातली हवी, शक्यतो स्वतः बाळंतपणातून गेलेली, स्वच्छ कपड्यांतली, संसर्गजन्य आजार नसलेली, आणि डॉक्टर-सिस्टरांच्या कामात ढवळाढवळ न करणारी, अशा अटी आहेत. पहिलटकरणीला बाळंतपणासाठी माहेरी आणणाऱ्या जालन्यात अशी बाई बहुतेक वेळा व्हरांड्यातच बसलेली असते.