कमानीचा आकार आणि कमानीचे काम

दिल्लीच्या कुतुब परिसरात मला मिनारापेक्षा शेजारच्या मशिदीची कमानींची भिंत अधिक विचार करायला लावते. कुतुबुद्दीन ऐबकाच्या काळात, ११९९ च्या सुमारास, ती बांधली गेली. दुरून कमानी डौलदार दिसतात. जवळ गेल्यावर मात्र ध्यानात येते, की दगडांचे सांधे आडवे आहेत. प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा थोडा पुढे काढून दोन्ही बाजू माथ्याशी मिळवल्या आहेत.

खऱ्या कमानीची रचना निराळी असते. तिचे दगड पाचरीच्या आकाराचे असतात. माथ्यावर चावीचा दगड बसला, की प्रत्येक दगड शेजारच्याला दाबून धरतो. ओझे दोन्ही बाजूंच्या पायांकडे उतरते आणि खालचा तात्पुरता लाकडी सांगाडा काढून घेता येतो. दगडाला दाब सोसतो, ताण सोसत नाही. कमान त्याच्याकडून दाबाचेच काम घेते, म्हणून तिने रुंद अंतर ओलांडता येते. १५६० च्या दशकात मुनीम खानाने जौनपूरला गोमतीवर बांधलेला पूल याच तत्त्वावर उभा आहे.

ऐबकाचा हुकूम कमानींचा होता; कारागिरांची पिढीजात विद्या खांब-तुळईची होती. त्यांनी आपल्या विद्येने मागितलेला आकार दिला. दिल्लीत आज दिसणारी सर्वांत जुनी खरी कमान मेहरौलीतील बल्बनाच्या कबरीत, १२८७ च्या सुमाराची, मानली जाते. १३११ च्या अलाई दरवाजात तर ही विद्या पूर्ण आत्मविश्वासाने वावरते. आकार हुकमाने आला. त्यामागचे काम अंगवळणी पडायला सुमारे नव्वद वर्षे लागली.

प्रशासनात याहून वेगळे घडत नाही. एका कार्यालयात मी खर्चाबरोबर निष्पत्तीचे तक्ते मागवू लागलो. तक्ते वेळेवर येत, सुबक असत. निधीचे वाटप मात्र पूर्वीच्याच पद्धतीने चाले. हाताखालच्यांनी आज्ञा पाळली होती. चूक माझी होती. मी आकार मागितला. तो आकडा निर्णयाला कसा जोडायचा, हे कुणाला शिकवले नाही.

तेव्हापासून नवा तक्ता सुरू करण्यापूर्वी मी एकच प्रश्न विचारतो: याने कोणता निर्णय बदलणार आहे? उत्तर नसेल, तर तो तक्ता मी मागवत नाही.