पॅसिव्ह ऑप्टिकल नेटवर्क (पॉन)

एकाच प्रकाशतंतूवरून अनेक ग्राहकांना इंटरनेट व दूरध्वनी सेवा पुरवणारी वितरणपद्धती. केंद्रातील ओएलटी व ग्राहकाकडील ओएनटी या टोकाच्या उपकरणांदरम्यान विजेवर चालणारे उपकरण नसते. प्रकाशाचे वाटप स्प्लिटर करतो. त्यामुळे रस्त्यावरच्या पेटीला वीजजोडणी वा बॅटरी लागत नाही. शिवाय केंद्रातील एका पोर्टचा आणि मुख्य तंतूचा खर्च सर्व ग्राहकांत विभागला जातो.

कार्य : भारतात रूढ असलेल्या जीपॉन या प्रकाराचे मानक (जी.984) आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेने 2003 पासून प्रसिद्ध केले. ग्राहकाकडे सेकंदाला 2.488 गिगाबिट माहिती 1490 नॅनोमीटर तरंगलांबीवर जाते, तर 1.244 गिगाबिट 1310 नॅनोमीटरवर परतते. परतीची माहिती एकमेकींत मिसळू नये म्हणून ओएलटी प्रत्येक ओएनटीला पाठवण्याची वेळ नेमून देतो.

ग्राहकसंख्येची मर्यादा : ग्राहक दुप्पट केले की प्रत्येकाच्या वाट्याचा प्रकाश निम्मा होतो, प्रत्यक्षातील घट सुमारे 3.5 डेसिबल. तंतूत 1310 नॅनोमीटरला दर किमी.ला सुमारे 0.35 डेसिबल घट होते. म्हणजे दुप्पट ग्राहकांची किंमत सुमारे 10 किमी. अंतराइतकी पडते. बी+ वर्गाच्या उपकरणांत एकूण 28 डेसिबल घट चालते. 32 ग्राहक (17 डेसिबल) आणि 20 किमी. तंतू (7 डेसिबल) धरल्यास सांधे व जोडण्यांसाठी 4 डेसिबल उरतात. तेवढ्याच अंतरावर 64 ग्राहक जोडल्यास जवळपास काहीच उरत नाही. तेव्हा अंतर कमी करावे लागते किंवा 32 डेसिबल सोसणारी सी+ वर्गाची उपकरणे घ्यावी लागतात.

ग्रामीण वापर : केंद्र सरकारने 2011 मध्ये मंजूर केलेल्या आणि 2015 मध्ये ‘भारतनेट’ नाव मिळालेल्या प्रकल्पाच्या पहिल्या टप्प्यात ग्रामपंचायती जीपॉनने जोडल्या. आधीच टाकलेले तंतू शक्य तिथे वापरून फक्त उरलेल्या अंतरात नवी केबल टाकल्याने खर्च वाचला. मुंबई–नाशिक महामार्गावरील वडपे (ता. भिवंडी, जि. ठाणे) यांसारख्या ठिकाणी गावठाणातील दाट घरे आणि पांगलेली गोदामे अशी दुहेरी मागणी संभवते. तिथे दोन टप्प्यांची विभागणी सोयीची ठरते : आधी 1:4, मग वस्तीजवळ 1:8. लांबवरच्या गोदामाकडे मधूनच स्वतंत्र फाटा काढता येतो.

क्षमतावाढ : सर्व 32 ग्राहक एकाच वेळी पूर्ण वापर करू लागले, तर प्रत्येकाला सुमारे 78 मेगाबिट मिळतात. मागणी त्यापुढे गेल्यास एक्सजीएस-पॉन (2016) दोन्ही दिशांना सुमारे 10 गिगाबिट वेग देते. तिच्या तरंगलांब्या वेगळ्या असल्याने जुने तंतू व स्प्लिटर कायम ठेवून, जुन्या ग्राहकांची सेवा न थांबवता, गरजूंचीच उपकरणे बदलता येतात.