ताप आणि काढा: मसाल्यांवर कितपत भिस्त ठेवावी?

धानाची रोवणी सुरू झाली की गोंदिया जिल्ह्यात सर्दी, खोकला आणि तापाचे रुग्ण वाढतात. घरोघरी तुळस, अद्रक, मिरे घालून काढा उकळला जातो. २०२० मध्ये करोनाच्या काळात आयुष मंत्रालयानेही असा काढा आणि १५० मिली गरम दुधात अर्धा चमचा हळद घेण्याचे सुचवले होते. मात्र या पदार्थांचा उपयोग कुठे संपतो, हे तुम्हाला माहीत असायला हवे.

काय फायदा होतो?

• हळद: यातील कर्क्युमिन प्रयोगशाळेत दाह कमी करताना दिसते, पण शरीरात फार थोडे शोषले जाते. मिऱ्यातील पिपरीनमुळे हे शोषण वाढते.
• अद्रक: मळमळ कमी होते.
• मध: खोकल्याला आराम पडतो. एक वर्षाखालील बाळाला मात्र मध अजिबात देऊ नका.
• गरम काढा: घसा शेकला जातो आणि पोटात पाणी जाते.

काय होत नाही?

काढ्याने मलेरियाचा परजीवी मरत नाही, डेंग्यूही टळत नाही. संसर्गापासून संरक्षण मिळते ते लसीकरण, पोटभर सकस आहार, पुरेशी झोप आणि मच्छरदाणी यांमुळे.

कोणी जपून घ्यावे?

दिवसातून एक-दोन वेळा अर्धा कप पुरे. जास्त घेतल्यास छातीत जळजळ होते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू असतील किंवा तुम्ही गर्भवती असाल तर आधी डॉक्टरांना विचारा. गुळवेल रोज घेतल्याने काहींच्या यकृताला इजा झाल्याचे आढळले आहे.

ताप आल्यास काय करावे?

सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव अशा जंगलालगतच्या तालुक्यांत थंडी वाजून आलेला ताप मलेरियाचा असू शकतो. काढा घेऊन दोन दिवस वाट पाहू नका. त्याच दिवशी आशाताईंकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्या. डेंग्यूची शंका असेल तर अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन घेऊ नका. रक्तस्रावाचा धोका वाढतो.

घरात सिकलसेलचा रुग्ण असेल तर त्याचा ताप साधा समजू नका, लगेच रुग्णालय गाठा. झटके, बरळणे, धाप लागणे, सतत उलट्या, रक्तस्राव किंवा लघवी कमी होणे, यांपैकी काहीही दिसल्यास थांबू नका.

काढा घ्यायला हरकत नाही. तो तपासणीची जागा घेऊ शकत नाही.